न्यूटनची कडी

आमच्या महाविद्यालयाच्या नावात कला, वाणिज्य आणि विज्ञान असे तिन्ही शब्द होते. इमारत मात्र एकच, आणि तीही बैठी. बुलढाणा जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावी १९९० च्या दशकाच्या अखेरीस मी बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घेतले. तिसऱ्या वर्षापर्यंत आम्ही नऊजण उरलो होतो. प्रयोगशाळेला लागून मराठीचा वर्ग. खिडक्या झाकून अंधार केलेल्या खोलीत आम्ही मापे घेत असताना भिंतीपलीकडून ओव्यांचे विवरण ऐकू येई. पुढे मी मराठीकडे वळलो तो त्या भिंतीमुळे, असे सांगायला मला आवडते. ते पूर्ण खरे नाही.

न्यूटनच्या कड्यांचा प्रयोग अनेकांना आठवत असेल. सपाट काचेवर बहिर्गोल भिंग ठेवायचे, सोडियमच्या दिव्याचा प्रकाश टाकायचा आणि उमटणाऱ्या काळ्या-पिवळ्या वर्तुळांचे व्यास सूक्ष्मदर्शकातून मोजायचे. व्यासांचे वर्ग आणि भिंगाची वक्रतात्रिज्या यांवरून प्रकाशाची तरंगलांबी निघते. हा दिवा लावताक्षणी पिवळा होत नाही. आधी तांबूस असतो, काही मिनिटांनी पिवळा होतो. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. अखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत ती दोनदा गेली. माझी निम्मीच वर्तुळे मोजून झाली होती. पुस्तकातले उत्तर पाठ होते : ५८९३ अँगस्ट्रॉम. मी उत्तराकडून उलटा निघालो, व्यास बेतून घेतले आणि आलेखाचे सगळे बिंदू रेषेवर आणून बसवले. शेजारच्या टेबलावरच्या मित्रालाही हाच प्रयोग आला होता. त्याने खरी मापे लिहिली. त्याचे उत्तर सहा हजारांच्या पलीकडे गेले.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला त्याच्यापेक्षा बरेच अधिक गुण दिले. आमच्या सरांनी माझा आलेख पाहिला आणि एवढेच म्हणाले, "मापं इतकी गुणी नसतात रे." रागावले असते तर बरे झाले असते.

एम.ए.ला लीळाचरित्र अभ्यासताना चक्रधरस्वामींच्या लोणारमधल्या लीळा आल्या. ओळखीचे गाव भेटल्याचा आनंद झाला. अडखळलो मात्र 'वासना' या शब्दापाशी. म्हाइंभटांनी सिद्ध केलेला मूळ ग्रंथ हरवल्यावर महानुभावांनी तो आठवणींतून पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. आठवणी जुळेनात तिथे अमुकाची वासना अशी, म्हणून वेगळा पाठही नोंदवून ठेवला. ज्यांच्या दृष्टीने हे साक्षात ईश्वराचे बोलणे, त्यांनी न जुळणारे खोडले नाही. आणि मी एका पिवळ्या दिव्यापुढे खोडले होते!

लोणारचेच पाहा. ते विवर बेसॉल्टमध्ये, म्हणून दीर्घकाळ ज्वालामुखीचे मानले जाई. अशनीच्या आघाताचा पुरावा १९७३ मध्ये पुढे आला. सरांनी आम्हांला त्याचे वय सुमारे ५० हजार वर्षे सांगितले होते. नंतर आर्गॉनच्या समस्थानिकांवरून ते साडेपाच लाखांहून अधिक निघाले. आता वर्गात लोणारच्या लीळा शिकवताना मी दोन्ही आकडे फळ्यावर लिहितो. विद्यार्थी विचारतात, परीक्षेत कोणता लिहायचा?

काही वर्षांपूर्वी निवृत्त सरांना भेटायला गेलो. कबुली द्यायची, असे घोकून गेलो होतो. तोंड उघडण्याआधी त्यांनीच विषय काढला, पण मित्राचा. त्याचे उत्तर चुकले कसे, म्हणून परीक्षेनंतर त्यांनी भिंगे तपासली होती. आदल्या वर्षी फुटलेल्या भिंगांच्या जागी नवी आली होती, वक्रतात्रिज्या मात्र डबीवरच्या जुन्या चिठ्ठीवरचीच सगळे घेत होते. मित्राचे व्यास बरोबर होते. त्या चिठ्ठीवरचा आकडा घेऊन ५८९३ कुणालाही यायला नको होते.

"त्या वर्षी किती जणांना आलं होतं, मी मोजलं नाही," सर म्हणाले, आणि चहा सांगायला आत गेले.