घरांतील करवत आणि तिचा भुसा

सुतारकाम घरांत आलें कीं त्यामागोमाग भुसा येतो, हें सांगावयास कोणी पंडित नको. परंतु हातकरवतीचा भुसा आणि विजेच्या करवतीचा भुसा हे एकाच नांवाचे दोन निराळे पदार्थ आहेत, आणि हा भेद चांगल्या सुशिक्षित घरांतहि ध्यानांत घेतला जात नाहीं, असा आमचा अनुभव आहे. अलीकडे नोकरी सांभाळून, किंवा नोकरीच्या ऐवजीं, घरच्या पडवींत लहानसा कारखाना मांडणारे तरुण वाढले आहेत. आम्हांस त्यांचें कौतुक वाटतें. खडू आणि लेखणी यांपलीकडचें हत्यार हातीं धरण्याचा आमच्या पिढीस जो संकोच होता, तो यांस नाहीं, हें चांगलेंच झालें. मात्र ज्या घरांत तीन पिढ्यांचीं माणसें एका छपराखालीं श्वास घेतात, तेथें हें यंत्र कसें नांदवावें याचा विचार त्याच्या किंमतीच्या विचाराइतकाच अगोदर झाला पाहिजे.

आमचें खंडाळें तें साताऱ्याकडचें, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचें. बोरघाटांतील हवा खावयाचें खंडाळें तें नव्हे. शिरवळपासून इकडे कारखाने आले, त्यांमागें नवीं बिऱ्हाडें आलीं, आणि बिऱ्हाडें आलीं म्हणून देव्हारे व तसबिरींच्या चौकटी यांस गिऱ्हाईक आलें. आमच्या पुतण्यानें हें हेरून पडवींत काम सुरू केलें आणि हप्त्यांनीं एक मायटर सॉ घेतली.

हें यंत्र म्हणजे मेजावर बसविलेलें व वरून खालीं दाबावयाचें एक गोल पातें. चौकटीच्या कोपऱ्यांत दोन पट्ट्या ४५ अंशांत तिरप्या कापून एकमेकींस भिडवाव्या लागतात. तो काप हातानें नेमका साधावयास सुताराचीं वर्षें जात. येथें तो दोन क्षणांत येतो. करवत हा शब्द संस्कृत करपत्र या शब्दापासून आला. त्यांतील 'कर' आतां कळ दाबण्यापुरता उरला आहे! पातें १० इंची, आणि मिनिटास त्याचे सुमारें ५००० फेरे. परिघाचें गणित संस्कृताच्या मास्तरासहि येतें. दातांचा वेग ताशीं सुमारें २४० किलोमीटर निघतो. मिरजेस तंतुवाद्यें करणाऱ्यांच्या दुकानांत आम्ही पूर्वीं पुष्कळ वेळ उभे राहिलों आहों. तेथें लांकडावर पटाशी चाले तेव्हां ढलप्या कारागिराच्या मांडीवर पडत आणि तो मधून मधून धोतर झटकी. ताशीं २४० किलोमीटर वेगानें जें उडतें तें मांडीवर पडत नाहीं.

तें जातें कोठें? पात्याचे दात पुढून खालीं येतात, लांकडांतून मागें सरकतात आणि पाठीमागून वर चढतात. म्हणून भुशाचा मुख्य फवारा यंत्राच्या पाठीमागें, भिंतीकडे उडतो. यंत्र करणारांनीं तें जाणून पात्यामागें एक तोंड ठेवलेलें असतें व त्यास कापडी पिशवी अडकविलेली असते. पिशवी फुगली कीं घेणाऱ्यास वाटतें, भुसा पकडला गेला.

आम्हांस त्या पिशवीचा भरंवसा वाटेना. म्हणून एका रविवारीं हिशेब मांडला. पट्टी ७५ मिलिमीटर रुंद व २० मिलिमीटर जाड, म्हणजे तिरप्या कापाची लांबी सुमारें १०६ मिलिमीटर. पात्याची वाट ३ मिलिमीटर रुंद. एका कापांत ६ घन सेंटिमीटरांहून थोडें अधिक लांकूड भुसा होऊन जातें. सागाचें वजन धरलें तर तें चार ग्रॅम, आणि शंभर कापांस ४०० ग्रॅम. पुतण्याचे शंभर काप झाल्यावर पिशवी स्वयंपाकघरांतील तराजूवर ठेवली. आंत १७० ग्रॅम भरले. उरलेला जवळ जवळ पाव किलो कोठें होता, तें शोधावयास फार हिंडावें लागलें नाहीं. कांहीं यंत्रामागें, कांहीं पडवीच्या तुळईवर, कांहीं जिन्याच्या कठड्यावर, आणि थोडा माजघरांतील लोणच्याच्या बरणीच्या दादऱ्यावर.

परंतु जो तराजूवर दिसतो तो भुसा मुळीं आपला खरा शत्रु नव्हे. जाळीच्या गवाक्षांतून आलेल्या सूर्यकिरणांत जो सूक्ष्म रज दिसतो, त्यास मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत त्रसरेणु म्हटलें असून तेथील वजनांचीं मापें त्यापासून आरंभिलीं आहेत. फुप्फुसाचें गणित असल्याच बारीक कणांपासून सुरू होतें. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड. १० मायक्रॉनांहून लहान कण नाकाच्या केसांस चुकवून खोल जाऊं शकतात, आणि असले कण पडवींतील हवेंत तासन् तास तरंगतात. त्यांचें वजन इतकें थोडें कीं शंभर कापांच्या हिशेबांत ते गमावले तरी तराजूचा कांटा हालावयाचा नाहीं. पिशवीच्या कापडांतून नेमके हेच गाळून बाहेर येतात. जाड भुसा आंत ठेवून बारीक धूळ घरास वांटणारी ती चाळण आहे, असें आम्ही म्हणूं.

हा विचार आम्हांस ज्या कारणानें करावा लागला तें कारण पुस्तकी नव्हतें. आमच्या वहिनींस दम्याचा जुना विकार आहे. मुलाच्या उद्योगाविषयीं त्या कधीं एक शब्द बोलल्या नाहींत. खोकला आला कीं उठून परसांत जात. एकदां मात्र आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, त्याला सांगूं नका; पण करवत सुरू झाली कीं मला माझ्याच घरांतून बाहेर जावें लागतें." पुतण्यास तें अखेर सूनबाईकडून कळलें, आणि तो यंत्र विकावयास निघाला. अजून चौदा हप्ते बाकी होते आणि दिवाळीच्या देव्हाऱ्यांची आगाऊ रक्कम घेतलेली होती. वहिनी म्हणत, मी धाकट्याकडे पुण्यास जाऊन राहतें. तो म्हणे, मी कारखान्यांत नोकरी धरतों. दोन्ही बाजू माघार घेणाऱ्या असल्या म्हणजे घरांत भांडण होत नाहीं, पण प्रश्नहि तसाच राहतो. आमचें म्हणणें असें होतें कीं, कोणीहि घराबाहेर जाण्यापूर्वीं भुशानें घराबाहेर जावें.

वहिनींचा त्रास दम्याचा, तो तात्काळ दिसणारा. जो त्रास दिसत नाहीं त्याची हकीकत इंग्लंडांतील आहे. बकिंगहॅमशायर परगण्यांतील हाय विकम हें खुर्च्या-मेजांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध गांव. तेथील कान-नाक-घशाच्या शल्यवैद्य एस्मे हॅडफील्ड यांच्या ध्यानांत आलें कीं, नाकाच्या पोकळींत होणारा एक अत्यंत विरळ कर्करोग त्यांच्याकडे फर्निचरच्या कारागिरांत वारंवार आढळतो. ऑक्सफर्डकडील डॉक्टरांसह त्यांनीं तें १९६८ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें १९९५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें लांकडाची धूळ पहिल्या वर्गांत, म्हणजे मनुष्यास कर्करोग करणाऱ्या सिद्ध पदार्थांत घातली. हा रोग वर्षानुवर्षांच्या धुळीनें होतो, चार देव्हाऱ्यांनीं नव्हे; कोणास भय घालण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. परंतु पुतण्या तीस वर्षांचा आहे, आणि त्यास वर्षानुवर्षें हेंच करावयाचें आहे.

यावरील उपायाचें सार आपल्याकडील जुन्या कायद्यांत चांगलें सांगितलें होतें. १९४८ च्या कारखाने कायद्याचें चौदावें कलम असें होतें कीं, धूळ ओढून घेणारें साधन धुळीच्या उगमाच्या शक्य तितक्या जवळ लावावें आणि तो उगम शक्य तितका झांकून घ्यावा. तो कायदा यंत्रशक्तीवर चालणाऱ्या व दहा कामगार असलेल्या कारखान्यांस लागू होता. पडवीस तो कधींच विचारीत नव्हता. पण पडवींतील माणसांचीं फुप्फुसें कांहीं निराळीं नसतात.

उगमाच्या जवळ कां, हें समईपाशीं बसून कोणासहि पाहतां येईल. हातभर अंतरावरून फुंकर घातली तर ज्योत विझते; त्याच अंतरावरून कितीहि जोरानें श्वास आंत ओढला तरी ती हालत नाहीं. ओढ ही तोंडापाशींच असते. नळीच्या तोंडापासून तिच्या व्यासाइतकें दूर गेलें कीं हवेचा वेग सुमारें दशांशावर येतो. तेव्हां कोपऱ्यांत मोठा पंखा लावून खोलीची धूळ ओढूं, ही कल्पना ऐकावयास बरी असली तरी हातीं फारसें देत नाहीं.

म्हणून पहिलें काम पिशवी काढण्याचें. त्या तोंडास पुतण्यानें भुसा ओढणाऱ्या व्हॅक्यूमची नळी लावली. मापें जुळेनात, तेव्हां सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दोहोंवर चढवून वर पट्टे आवळले. फट राहिली तर सारी ओढ तेथेंच वायां जाते. दुसरें काम पात्यामागील रबरी झडपेचें. ती इतकी आंखूड होती कीं पुष्कळसा फवारा तिच्या खालूनच निसटे. ट्यूबचीच पट्टी लावून ती लांकडापर्यंत उतरविली, पात्यास न लागेल अशी. (असलें कांहीं करतांना वीज तोडलेली असावी आणि पात्याचें संरक्षक झांकण कोणीं काढूं नये, हें लहान अक्षरांत लिहिण्याजोगें नाहीं.)

एवढ्यानें निम्मा प्रश्न सुटला. उरलेल्यासाठीं यंत्रामागें प्लायवूडची एक पेटी केली: पाठ, दोन बाजू आणि वर छप्पर, तळ उतरता, व उताराच्या तळाशीं ४ इंची नळ. येथें एक बारकावा आहे. ४५ अंशांवर वळविलें कीं यंत्राचें डोकें वळतें आणि फवाराहि तितकाच वळतो. म्हणून पेटी सरळ कापाच्या मापानें करणारा फसतो. दोन्ही टोंकांस वळवून, मोटारीची पाठ कोठवर जाते तें खडूनें आंखून, मगच फळ्या कापाव्या. पेटीस तें व्हॅक्यूम पुरत नाहीं. त्याची ओढ जोराची, पण हवा थोडी, जशी शहाळ्यांतील नळीची. रुंद पेटीस सौम्य ओढीचा व पुष्कळ हवा हालविणारा ब्लोअर पाहिजे. नळ शक्य तितका आंखूड, सरळ व आंतून गुळगुळीत घ्यावा. प्रत्येक वळण ओढ खातें.

मध्यें एक पिंप ठेवलें आहे. हवा त्यांत कडेनें शिरून भोंवऱ्यासारखी फिरते, जड भुसा भिंतीस लागून तळाशीं बसतो आणि हलकी हवा मधून वर निघते; यामुळें पुढचें गाळणें लवकर कोंदत नाहीं. गाळणें मात्र स्वस्तांतलें घेऊं नये. ज्यास हेपा म्हणतात तें ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवितें. व्हॅक्यूमला तें बसविलें आहे. ब्लोअरची हवाहि निराळ्या गाळण्यांतून जाऊन परसाकडे सुटते, विहिरीच्या आणि शेजाऱ्यांच्या खिडकीच्या उलट दिशेस.

सारा खर्च यंत्राच्या निम्म्या किंमतीपर्यंत गेला. पुन्हा शंभर काप करून वजन केलें तेव्हां ४०० पैकीं ३५० ग्रॅम सांपडले. आम्हांस वजनापेक्षां कवडसा अधिक विश्वासाचा वाटतो. सकाळीं साडेआठास पडवीच्या झरोक्यांतून ऊन येतें. पूर्वीं दहा काप झाले कीं तो कवडसा दुधासारखा पांढरा दिसे, आतां त्यांत सुटे कण मोजतां येतात. शेवटच्या कापानंतर ओढ आणखी कांहीं क्षण चालूं ठेवावी लागते. पुतण्या काम करतांना एन-९५ मुखपट्टी बांधतो, रुमाल नव्हे. करोनाच्या वर्षांत मुखपट्ट्यांचा हा भेद सर्वांच्या परिचयाचा झालाच आहे. केरसुणी पडवींत बंद केली आहे, कारण ती बसलेली धूळ पुन्हा उठविते; ओला फडका किंवा व्हॅक्यूम, एवढेंच. सूनबाईस भुसा बागेंत घालावयाचा होता. सागाचा कुजवून चालेल. प्लायवूडचा नको, त्यांत डिंक नव्हे, रासायनिक गोंद असतो, आणि त्याच कारणानें तो बंबांतहि घालूं नये.

वहिनींस आतां परसांत जावें लागत नाहीं. प्लायवूड कापावयाचें असतें त्या दिवशीं मात्र त्यांस अजून त्रास होतो, आणि माजघराचें दार लावून घ्यावें लागतें. तेवढें काम बाहेरून कापून आणण्याचें पुतण्यानें ठरविलें आहे. पेटीची डावी बाजू लांब पट्ट्यांस अरुंद पडते आणि तेथून थोडा भुसा अजून निसटतो. दिवाळीच्या मागण्या पुऱ्या झाल्या कीं ती बाजू वीतभर रुंद करावयाची आहे. फळी आणून जिन्याखालीं उभी करून ठेवली आहे.