सत्तर क्रमांकाचे दार

१९९१ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात मार्क मकाहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘गोफर’ नावाची व्यवस्था निर्माण केली. बीळ खणून राहणाऱ्या एका प्राण्याचे हे नाव. तोच त्या विद्यापीठाच्या क्रीडासंघांचे मानचिन्ह. पडद्यावर अनुक्रमणिका उमटावी, वाचकाने त्यातील एक ओळ निवडावी आणि दूरच्या संगणकाने तो मजकूर पाठवावा, एवढेच तिचे कार्य. चित्रांची आरास नाही, जाहिरातींचा गलबला नाही. बहुतेकांच्या विस्मरणात गेलेली ही व्यवस्था आम्ही खेडच्या धर्मग्रामात का उभारली, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. आम्ही तेव्हा सेमिनरीत होतो. त्या काळी विद्यार्थ्यांना परवडणारे खाते निव्वळ अक्षरांचे असे. काळ्या पडद्यावर ओळी सरकत आणि त्यांतूनच जग उलगडे. अक्षरांच्या या काटकसरीची किंमत आम्हांला कळली ती मात्र खेडच्या पावसाळ्यात.

खेड हे जगबुडीच्या काठचे गाव. नदीची इशारा पातळी ५ मीटर, धोक्याची ७ मीटर. २२ जुलै २०२१ चा पूर येथे कोणी विसरलेले नाही. अशा दिवसांत वीज जाते, मोबाईलचा संपर्क क्षीण होतो आणि चित्रांनी जड झालेली पाने उघडता उघडत नाहीत. देवनागरीतील प्रत्येक चिन्ह संगणकात ३ बाइट जागा घेते; म्हणजे तीन हजार चिन्हांचा मजकूर अवघा ९ किलोबाइट. मोबाईलने काढलेले एक छायाचित्र त्याच्या शेकडो पट मोठे असते.

आमच्या तरुण मंडळाने तळहाताएवढा एक रास्पबेरी पाय संगणक घेतला, त्यावर डेबियन आणि ‘गोफर्निकस’ ही विनामूल्य प्रणाली बसवली, आणि यंत्र बॅटरीला जोडले. सभागृहातील वायफायवरूनच ते वाचता येते. बाहेरचा संपर्क पूर्ण तुटला तरी आश्रयाला आलेल्यांना त्याचा उपयोग व्हावा, हा हेतू.

त्याची कार्यपद्धती मुलांनाही सहज समजली. सर्व्हर ७० क्रमांकाच्या दारावर कान देऊन बसतो. वाचकाचे यंत्र एक ओळ पाठवते, सर्व्हर तेवढ्याचेच उत्तर देतो आणि जोडणी संपवतो. अनुक्रमणिकेतील प्रत्येक ओळीचे पहिले चिन्ह तिची जात सांगते: ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे पुढची अनुक्रमणिका, ७ म्हणजे शोध. मग शीर्षक, मजकुराचा ठावठिकाणा, यंत्राचे नाव आणि दाराचा क्रमांक. शेवटी ओळीवर एकटाच एक टिंब. फायरफॉक्सने २०११ साली गोफरचा आधार काढून घेतला. म्हणून मोबाईलवर वेगळे ॲप लागते. ते पावसाळ्यापूर्वीच उतरवून घ्यावे, असे आम्ही कुटुंबांना सांगून ठेवतो.

खरा प्रश्न यंत्राचा नव्हताच. “फादर, अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांची यादीही यातच ठेवू या ना? पाणी चढलं तर पहिल्यांदा त्यांनाच हलवायचंय,” असे एका मुलीने सुचवले. सूचना मायेची होती. परंतु गोफरचा मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा प्रवास करतो; कुलूप नाही, पाकीट नाही. कोणत्या घरात कोण असहाय आहे, हे त्या वायफायवर येणाऱ्या कोणालाही वाचता आले असते. बरीच चर्चा झाली. अखेर ती यादी वहीत लिहून दोन जबाबदार व्यक्तींकडे सोपवली. सर्व्हरवर उंचावरील आश्रयस्थाने, पाणी उकळून पिण्याच्या सूचना, ११२ आणि १०८ हे क्रमांक, एवढेच ठेवले. काय ठेवावे याहून काय ठेवू नये, हे ठरवताना मुले अधिक शिकली.

गोफर मागे का पडला, हेही त्यांनी विचारले. १९९३ साली मिनेसोटा विद्यापीठाने काही वापरकर्त्यांकडून सर्व्हरसाठी शुल्क घेण्याचे जाहीर केले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपीय संस्थेने वर्ल्ड वाइड वेब सर्वांसाठी मुक्त केले. चित्रांचे आकर्षण होतेच, पण विनाशुल्क मिळालेल्या वस्तूवर लोकांनी निर्धास्तपणे घरे बांधली.

आता मे महिन्यात प्रत्येक पान तपासण्याचे काम दोन मुलांकडे दिले आहे. पुराच्या रात्री जुना पत्ता वाचून कोणी बंद दाराशी जाऊन उभे राहिले, तर यंत्र कितीही चोख चालले तरी त्याचा काय उपयोग?