अण्णांचं पहिलं वर्ष

पुढच्या महिन्यात अण्णांचं वर्षश्राद्ध. लातूरच्या घरी काकांनी फ्लेक्सचा विषय काढला. फोटो, दोन समया, ‘भावपूर्ण आदरांजली’. मला ते नको वाटतंय. का, ते त्यांना नीट सांगता आलं नाही.

काल अण्णांचं कपाट उघडलं. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते नरहर कुरुंदकरांच्या वर्गात बसलेले; पुढे आयुष्यभर बोलण्यात गुरुजी यायचेच. गुरुजींच्या ‘जागर’ या पुस्तकाच्या प्रतीत समासभर शिसपेन्सिलीची टिपणं. एके ठिकाणी नुसतं ‘पटत नाही’, खाली दोन ठसठशीत रेघा. गुरूवर एवढी माया, आणि तरीही ‘पटत नाही’! त्या रेघांवरून बोट फिरवत बराच वेळ बसून राहिलो. असा माणूस हार घातलेल्या फोटोत कसा मावणार?

कुरुंदकर १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. त्यांच्यामागे नांदेडात त्यांच्या नावाने व्याख्यानं होत राहिली. विचार करणाऱ्या माणसाची आठवण अशीच काढावी, असं मला मनापासून वाटतं.

सकाळचे विधी आई म्हणेल तसे. संध्याकाळी अंगणात सतरंजी टाकून अण्णांची पुस्तकं मांडायची. ज्याला जे हवं, ते त्याने न्यायचं. जेवायला त्यांच्या आवडीची येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी. ‘जागर’ मात्र द्यायचं की ठेवायचं, ते अजून ठरत नाही.

अण्णांना ओळखणाऱ्यांनी हार आणू नयेत. त्यांच्याशी झालेला एखादा वाद आठवत असेल, तर तो सांगायला जरूर यावं.