खर्च कुणाच्या नावावर?

गिरगाव, मुंबई

चि. मुक्ता,


कायदा गरिबाच्या बाजूचा असला की तो चांगला, असं तू परवा फोनवर म्हणालीस. मग एकदा आमच्या चाळीत येऊन बघच.

१९४७चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा आमच्याच बाजूचा होता. महायुद्धापासून शहरात माणसं मावत नव्हती, तेव्हा भाडी सप्टेंबर १९४०च्या दराला बांधून टाकली. त्यावेळी ते बरोबरच होतं, नाहीतर तुझ्या पणजोबांना बिऱ्हाड मिळालंच नसतं! कायदा मुदतीचा होता. पण मुदत संपत आली की ती वाढायची. भाडेकरूंची मतं कोण घालवणार? असं पन्नास वर्षं चाललं. आमचं भाडं चहापावडरीच्या खर्चापेक्षा कमी, आणि जिन्याला टेकू. एवढ्या भाड्यात मालक तुळया कशाला बदलेल? मग १९६९मध्ये दुरुस्तीसाठी वेगळं मंडळ आणि वेगळा उपकर आला. रिकाम्या खोल्यांना कुलपं लागली, पगडीचे व्यवहार काळ्या पैशात होऊ लागले, आणि चाळीतल्या पोरांनी लग्न झाल्यावर विरार गाठलं. गोठवलेली भाडी आता न्याय्य राहिली नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं म्हणेपर्यंत १९९७चा डिसेंबर उजाडला. १९९९च्या नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली. चार टक्के, पण कशावर, ते बघ!

आता रोजगार हमी घे. वि. स. पागे यांची योजना, तिचा कायदा १९७७चा. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाहीतर भत्ता. भत्ता हातात पडलेले मजूर फार थोडे, मस्टरवर खोटी नावं, मजुरीला उशीर, हे सगळं झालं. तरी मी त्याला चांगला कायदा म्हणते. त्यासाठी पैसा कुठून येणार हे आधीच ठरलेलं होतं: १९७५पासूनचा व्यवसाय कर, शिवाय तेवढीच भर सरकारची. माझ्या पगारातून तो नोकरीभर कापला गेला आणि मी दरवेळी कुरकुरले. पण ओझं सगळ्यांवर थोडं थोडं होतं आणि पगारपत्रकावर दिसत होतं. शिवाय काम नाही मिळालं तर बाया मोर्चा घेऊन तहसीलदाराच्या दारात उभ्या राहायच्या, आणि मागायचं काय ते कायद्यातच लिहिलेलं.

आमच्या भाडे कायद्यानं मात्र शहराचं सगळं ओझं मालकावर टाकलं. त्यानं ते इमारतीवर ढकललं, आणि इमारत आमच्याच डोक्यावर. म्हणून म्हणते, कायदा कुणाला काय देतो ते वाचून झालं की तो कुणाच्या खिशातून देतो ते शोध. ते सापडलं नाही तर संशय धर.

तुझ्या प्रकल्पासाठी भाडे कायदाच घेणार असशील, तर नुसतं आमच्याकडून ऐकून लिहू नकोस. मालकांचा नातू बोलायला तयार आहे, मी विचारून ठेवलंय. रविवारी दुपारी ये. जिना जपून चढ.

तुझी,
आत्या