थेट बॅरिस्टरकडे

आमच्या कर्जत-खालापूरकडे एखाद्या घरावर फौजदारी आली, की ओटीवर जमलेल्या मंडळींपैकी कुणीतरी हमखास म्हणतो, "मुंबईचा बॅरिस्टर द्या!" बॅरिस्टर म्हणजे विलायतेत सनद घेतलेला माणूस, हे आता कुणाच्या ध्यानीमनीही नसते. ज्याच्या फीचा आकडा ऐकून कानशिले तापतात, तो बॅरिस्टर. यात थोडा दोष रेल्वेचाही आहे. मुंबईची लोकल आमच्या कर्जतपर्यंत येते. सकाळी डब्यात बसावे, दुपारच्या आत व्ही.टी.ला उतरावे. उलट ज्या सेशन कोर्टात खटला चालायचा ते अलिबागला, आणि अलिबाग म्हणजे खोपोली, पेण करीत एस.टी.त हाडे खिळखिळी करून घेणे. त्यामुळे हायकोर्ट आम्हांला घरचे वाटते आणि जिल्ह्याचे कोर्ट परदेशी.

१९८४ च्या श्रावणात माझ्या मामेभावावर अशी पाळी आली. शेजारच्या खाचरातून पाणी सोडण्यावरून बांधावर बोलाचाली झाली, काठ्या निघाल्या आणि एकाचे डोके फुटले. तो गडी वाचला. पण पोलिसांनी खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावले आणि भाऊ अलिबागच्या तुरुंगात, हिराकोटात जाऊन पडला. त्याची बायको सहा महिन्यांची गरोदर होती. मामांना सारा गाव तात्या म्हणे. तात्यांनी बैलजोडी विकली, पैसे कमरेच्या कशात बांधले आणि मला म्हणाले, "तू मास्तर आहेस, इंग्रजी जाणतोस. चल माझ्याबरोबर. मधला वकील नको. पाणी प्यायचं तर विहिरीवरच जाऊ, पाणक्या कशाला?"

फोर्टात, हायकोर्टाच्या मागच्या गल्लीत, एका नामांकित वकिलांच्या दारी आम्ही दीड तास उभे होतो. आत गेल्यावर त्या गृहस्थांनी तात्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि सांगितले, "तुमच्याकडून परस्पर काम घेता येत नाही मला. तुमचा वकील घेऊन या, तो मला कागद देईल." तात्यांना वाटले, पैसे कमी पडले. त्यांनी कसा सोडायला सुरुवात केली. पाहणे मला कठीण झाले.

पण ते गृहस्थ खरेच बोलत होते. १९६१ च्या वकिलांच्या कायद्याने 'सीनियर' ठरवलेल्या वकिलाला वकीलपत्र दाखल करता येत नाही आणि अशिलाकडून थेट कामही स्वीकारता येत नाही. मध्ये दुसरा वकील लागतो. ही चाल इंग्रजांकडून आलेली. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत सॉलिसिटरने कागद तयार करावेत आणि बॅरिस्टरने उभे राहून बोलावे, अशी विभागणी १९७६ च्या अखेरपर्यंत होती. सॉलिसिटरची पायरी चढल्यावाचून बॅरिस्टरचे दर्शन नाही.

या पायरीचा जाच कुणाला झाला, हे मात्र विसरू नये. डॉ. आंबेडकर १९२३ साली बॅरिस्टर म्हणून मुंबईत उभे राहिले. सॉलिसिटर मंडळी त्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसाला कामे देईनात. त्यांना अपिलाच्या शाखेतली आणि मुफसलातली कामे धरावी लागली. तिथे मध्ये सॉलिसिटर लागत नसे. १९२६ साली पुण्यात 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून चाललेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात जेधे-जवळकरांच्या बाजूने ते उभे राहिले, आणि जिंकले. मधला माणूस दार उघडतो तसा दार लावूनही घेतो, आणि लावतो तेव्हा कुणाच्या तोंडावर, ते पाहावे.

खुद्द विलायतेत या नियमाला एक गमतीदार पळवाट होती. पिंजऱ्यातल्या आरोपीजवळ एक गिनी आणि कारकुनाचे अडीच शिलिंग असले, तर कोर्टात झगा घालून बसलेल्या बॅरिस्टरांपैकी हवा त्याच्याकडे त्याने बोट दाखवावे. तो बॅरिस्टर नाही म्हणू शकत नसे. सॉलिसिटर नाही, तयारी नाही. पिंजऱ्याशी काय चार गोष्टी होतील तेवढ्यावर बचाव! आता तर २००४ पासून तिथे सामान्य माणसाला बॅरिस्टरकडे थेट जाता येते. तरी पुरावा गोळा करणे, साक्षीदार गाठणे, कागद दाखल करणे ही कामे बहुधा अशिलाच्याच डोक्यावर राहतात आणि सरकारी खर्चाची मदत या वाटेने मिळत नाही. तात्यांनी ही कामे कशी केली असती?

आम्ही परत आलो आणि कर्जतच्या एका वकिलांकडे गेलो. काळा कोट हिरवट पडलेला, दाराशी कायम दोन-चार ठाकर-कातकरी बसलेले. त्यांनी जामीन मिळवला, पण त्याआधी एक काम केले ते मला फार मोलाचे वाटते. रविवारी धोतर खोचून ते चिखलातून त्या बांधावर गेले. कुठून काय दिसते ते पाहिले. मग घरी येऊन कागद वाचीत बसले.

सरकारचा मोठा साक्षीदार सांगत होता, की आपण खळ्यावर होतो आणि तिथून सारे पाहिले. पुढच्या वर्षी अलिबागला उलटतपासणी झाली, तेव्हा वकिलांनी आवाजही चढवला नाही.

"खळं कधी करता हो तुम्ही?"

"दिवाळीच्या पुढं-मागं."

"आणि श्रावणात तिथं काय असतं?"

साक्षीदार थांबला. म्हणाला, "गवत. कमरंएवढं."

"मग खळ्यावर कशाला गेला होतात?"

त्याला उत्तर सुचेना. आमच्याकडे शेणाने सारवलेले खळे भाताच्या झोडणीपुरते. पावसाळ्यात तिथे साप आणि गवत. मुंबईच्या त्या मोठ्या वकिलांना हे कुणी सांगितले असते? आम्ही नसते सांगितले. ज्या गोष्टी आपण रोज पाहतो, त्या सांगायच्या असतात हे आपल्याला कुठे ठाऊक असते?

खुनाच्या प्रयत्नातून भाऊ सुटला. काठी मारली होती हे खरेच होते, त्याबद्दल दंड आणि काही महिन्यांची कैद झाली. ती बहुतेक आधीच भोगून झाली होती. मुलगी झालेली त्याने तीन महिन्यांची असताना पाहिली, जामिनावर आला तेव्हा.

आता काळ बदलला आहे. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला, स्त्रीला आणि कोठडीतल्या कुणालाही, मिळकत न विचारता, सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क आहे. आरोपीला पहिल्यांदा पुढे उभे करतात तेव्हाच मॅजिस्ट्रेटने तो सांगायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच बजावले आहे. वकील फुकट मिळतो हे चांगलेच. मी मात्र विचारायला येणाऱ्यांना एवढेच म्हणतो, की तो बांधावर येईल का ते आधी विचारा.

तात्या पुढे बरीच वर्षे जगले. लग्नाकार्यात ते सांगत, "आमच्या पोराला बॅरिस्टर दिला होता!" हे त्या वकिलांच्या कानी गेले, तेव्हा ते म्हणाले, "मग राहिलेली फी बॅरिस्टरच्या हिशेबानं द्या म्हणावं." तात्यांनी दोन मण कोळंब पाठवला.