जवाचा उरलेला अंश

ज्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, त्या वर्धा जिल्ह्यात बसून एका धर्मगुरूने बीअरच्या चवीवर लिहावे, हे काही वाचकांस रुचणार नाही. त्यांची समजूत घालण्यासाठी आरंभीच सांगतो की आम्ही दारूबंदीचे विरोधक नाही. हातभट्टीने उद्ध्वस्त केलेली घरे आम्ही या धर्मग्रामात जवळून पाहिली आहेत, आणि अशा घरातील माउलीपुढे मद्याच्या रसिकतेचे गोडवे गाण्याचे धाडस आम्हांस कधी होणार नाही. मात्र येथे प्रश्न नशेचा नाही, एका धान्याचा आहे.

मागे आमचा मुक्काम अमेरिकेत ओरेगन राज्यात, मूळच्या वर्ध्याकडील एका कुटुंबात होता. कुटुंबातील सूनबाईस सीलिॲक हा विकार आहे. गहू, जव आणि राय या धान्यांत असणारे ग्लूटेन नावाचे प्रथिन पोटात गेले की अशा रुग्णाचे शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आतील रसांकुर झिजतात आणि खाल्लेले अन्न अंगी लागत नाही. यावर औषध नाही. पथ्य तेवढे आहे, आणि तेही आयुष्यभराचे. हा गोऱ्यांचा रोग आहे असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. वास्तविक गव्हाच्या पट्ट्यात, म्हणजे उत्तर भारतात, पाहणीत सुमारे शंभरात एकास तो आढळला आहे.

त्या संध्याकाळी यजमानांनी एक बाटली आणली. ‘‘फादर, वर्ध्यात काही मिळणार नाही. एथं तरी घ्या ना जी,’’ असा आग्रह झाला. बाटली अंबर एलची होती, ग्लूटेन कमी केलेल्या. रंग गुळाच्या पातळ पाकासारखा तांबूस. वर पांढुरका फेस आला आणि तो बराच वेळ टिकला. पहिल्या घोटाला भाजलेल्या धान्याचा खमंगपणा आणि करपू घातलेल्या साखरेची गोडी लागली. मागाहून हॉपचा कडवटपणा आला, त्यात संत्र्याच्या सालीची आठवण होती. संत्र्याच्या मुलखातला माणूस ती खूण चटकन ओळखतो. यातून काही काढून घेतले आहे, असे जिभेला कोठेही जाणवले नाही. आम्ही एक पेला घेतला, आणि तो आवडला हे लपवीत नाही.

मग हे काढतात कसे? ही बीअर जवाचीच असते. आंबवताना तिच्यात एक विकर घालतात. ते ‘ॲस्परजिलस नायजर’ या बुरशीपासून मिळते आणि ग्लूटेनच्या साखळीचे नेमक्या ठिकाणी तुकडे करते. मौज अशी की हे विकर रुग्णांसाठी शोधलेलेच नव्हते. थंड केल्यावर बीअर गढूळ दिसते, तो गढूळपणा जावा म्हणून ते आले; ग्लूटेनही तुटते, हा लाभ पाठोपाठ आला.

सूनबाईंनी पेला पुढे केला नाही. त्यांनी बाटली फिरवून मागील बारीक अक्षरे वाचून दाखवली. ग्लूटेन असलेल्या धान्यापासून हे पेय केले आहे, ते काढण्याची प्रक्रिया केली आहे, परंतु नेमके किती उरले याची खात्री देता येत नाही, असा त्यांचा आशय. अमेरिकेच्या नियमानुसार हा खुलासा छापावाच लागतो. युरोपात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन भरले की अशाच जवाच्या बाटलीवर ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिता येते. ऑस्ट्रेलियात मात्र जवाच्या माल्टच्या पेयाला तो शब्द मुळीच लावता येत नाही. पेय तेच, देश बदलला की नाव बदलते! अडचण मोजमापाची आहे. साखळीचे तुकडे झाले की नेहमीच्या चाचण्या अडखळतात, आणि त्या तुकड्यांतील एखादा रुग्णाच्या शरीराला अजूनही ओळखीचा वाटू शकतो. त्रास जाणवला नाही म्हणून इजा झाली नाही, असेही या विकारात म्हणता येत नाही.

‘‘बीअर काय, मी सोडून दिली,’’ बाटली खाली ठेवीत त्या म्हणाल्या. ‘‘पण फादर, ओस्ती कशी सोडू?’’

या प्रश्नाने आम्ही गंभीर झालो. बीअर गाळणाऱ्याला जव टाकून देण्याची मुभा आहे. नायजेरियात १९८८ साली जवाच्या माल्टची आयात बंद झाली तेव्हा तेथील कारखान्यांनी आपली ज्वारी उचलली, आणि ज्वारीत ग्लूटेन नसतेच. आमच्या विदर्भाच्या घराघरांतली भाकर सीलिॲकच्या रुग्णाला निर्धास्त वाढता येते, जात्यात किंवा गिरणीत गव्हाचे पीठ मिसळले नाही एवढे पाहावे. परंतु वेदीवर ज्वारीची भाकर चालत नाही. प्रभुभोजनाची भाकर निव्वळ गव्हाची हवी, हा ख्रिस्तसभेचा नियम आहे. रोमने २४ जुलै २००३ च्या पत्रात स्पष्ट केले की ग्लूटेन पूर्णपणे काढलेली ओस्ती अवैध आहे. मात्र अन्य पदार्थ न मिसळता भाकर बनण्यापुरते ग्लूटेन जिच्यात उरले आहे, ती वैध आहे. २०१७ साली हे पुन्हा कळवण्यात आले. कारखानदार काही उरले नाही असे सांगू पाहतो, आणि आम्हांस काही तरी उरले पाहिजे असे सांगावे लागते. त्या माउलीसमोर हे बोलताना आमचा स्वर खाली आला.

तरी वाट आहे, आणि ती आपल्या कुटुंबांना ठाऊक असावी म्हणूनच हा लेखप्रपंच. अमेरिकेत मिसूरी राज्यातील क्लाइड येथील बेनेडिक्टाइन भगिनींनी २००४ साली अत्यल्प ग्लूटेनची ओस्ती तयार केली. ती वापरण्याची परवानगी धर्माध्यक्ष देऊ शकतात. तो अंशही ज्याला सोसत नाही, त्याने केवळ द्राक्षारसाच्या रूपात प्रभूला स्वीकारावे. त्यात ख्रिस्त उणा नसतो. आमच्या दारूबंदीच्या जिल्ह्यातही त्याला अडसर नाही, कारण १९४९ च्या कायद्यात धार्मिक विधीच्या द्राक्षारसासाठी वेगळी तरतूद आहे.

फक्त एका गोष्टीकडे लक्ष असावे. मिस्सामध्ये धर्मगुरू ओस्तीचा एक कण प्याल्यात सोडतो. म्हणून तो प्याला अशा रुग्णाच्या उपयोगाचा नाही. त्याच्यासाठी दुसरा लहान प्याला वेदीवर आधीच ठेवावा लागतो, आणि त्याने तो इतरांच्या आधी घ्यावा. घरात असे कोणी असेल तर मिस्सा सुरू होण्यापूर्वी सॅक्रिस्टीत येऊन सांगावे. प्याला पुसून ठेवायला आम्हांस दोन मिनिटे पुरतात.