टेंभा धरणारा

मे महिन्यात रात्री कल्याणहून मुरबाडकडे निघालं की रायत्याचा पूल ओलांडल्यापासूनच आकाशात शार्पी दिव्यांचे झोत दिसायला लागतात. कुणाच्या तरी दारात हळद असते. मांडवाच्या चारी कोपऱ्यांना लोखंडी ट्रस उभी केलेली, त्यावर दिव्यांच्या रांगा, समोर एलईडीची भिंत, तिच्यावर नवरा-नवरीचं प्रीवेडिंग शूटिंग. आणि या सगळ्याची दोरी टेबलामागे बसलेल्या विशीतल्या एका पोराच्या हातात. बेंजोच्या ठेक्यावर तो बटणं सरकवतो आणि निळे, जांभळे, हिरवे पट्टे मांडवावरून उठून पार रानापर्यंत फिरून येतात. शहापूरच्या बाजूला वासिंद-आसनगावपासून डोळखांबपर्यंत लग्नसराईत हेच चित्र. शहरात दिव्यांचे महोत्सव भरतात, त्यात जे असतं त्यातलं बरंचसं आता आमच्या खळ्यांवर येऊन पोचलं आहे.

मला ही रोषणाई आवडते. हे आधीच सांगून टाकतो, कारण जुन्या दिवसांबद्दल लिहायला बसलं की नव्याला नावं ठेवण्याचा मोह होतो, आणि ज्यांनी अंधार काढला आहे त्यांना तो शोभत नाही. माझ्या लहानपणी आमच्या गावात वीज नव्हती. घरात रॉकेलची चिमणी, देवापुढे करंजेलाचा दिवा. रात्री शेजारच्या पाड्यावर जायचं तर काटक्यांची चूड पेटवून, ती हलवत, पाय आपटत जायचं. भाताच्या बांधावर फुरसं-घोणस असायचीच. साप चावला हे कळायचं, पण कोणता चावला ते बघायला उजेड नसायचा. गावात पहिला खांब रोवला गेला तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं होतं. त्यामागचा भाव आजही मला पूर्ण समजतो.

तेव्हाच्या हळदीत रोषणाई म्हणजे गॅसबत्ती. बाजाराच्या गावातून भाड्याने आणायची. बत्ती पेटवणं हा एक कार्यक्रमच असायचा आणि तो बघायला आम्ही पोरं मांडवाच्या आधी हजर. जाळीदार कापडी मेंटल काळजीपूर्वक बांधायचं, स्पिरिट पेटवून नळी तापवायची, मग पंप मारायचा. आधी पिवळी भकभक, मग सूं आवाज, आणि एकदम पांढरा लख्ख उजेड. मेंटल एकदा जळलं की राखेचंच उरतं. तेच प्रकाश देतं आणि जरा धक्का लागला की भुगा होतं. म्हणून वरातीत डोक्यावर बत्ती घेऊन चालणारी माणसं मान न हलवता, पायाने वाट चाचपत चालायची. नाचणारे नाचत असायचे, आणि त्यांच्या भोवतीने ही माणसं, बहुतेक कातकरी-ठाकरांपैकी, गंभीर चेहऱ्याने पुढे सरकायची. नवऱ्याचा चेहरा साऱ्या गावाला दिसायचा तो त्यांच्यामुळे. त्यांचा चेहरा मात्र बत्तीच्या खालच्या सावलीत राहायचा. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला तेव्हा माहीत नव्हतं.

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा. मुरबाड-कर्जत रस्त्यावरचं हे एवढंसं गाव त्या दिवसांत माणसांनी आणि बैलांनी फुलून जायचं. बैलबाजार, घोंगड्यांची दुकानं, टोपल्या-सुपं, नांगराचे फाळ, खांबलिंगेश्वराच्या दारातली नवसाची गर्दी. अंधार पडला की एकेका दुकानात बत्ती पेटायची आणि लांबून, डोंगराच्या उतरणीवरून, सगळी यात्रा पिवळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची दिसायची. तमाशाच्या तंबूला जनरेटर असायचा. विजेचा रंगीत दिवा माझ्या पिढीतल्या कित्येकांनी पहिल्यांदा पाहिला तो त्या तंबूच्या तोंडाशी. आज तिथले आकाशपाळणे एलईडीच्या पट्ट्यांनी गुंडाळलेले असतात आणि पैसे द्यायला क्यूआर कोड आहे. याच तालुक्यातल्या धसईत डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून समारंभ झाला होता, वडापावची गाडीसुद्धा कार्ड घेते म्हणून टीव्हीवाले आले होते. तेव्हा नवलाचं वाटलेलं ते आता कुणाच्या लक्षातही येत नाही.

पण मला खरं बोलायचं आहे ते बोहाड्याबद्दल.

माझं आजोळ मोखाड्याच्या बाजूचं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला आणि जव्हार-मोखाडा कागदोपत्री आमच्यापासून वेगळे झाले, पण शहापूरच्या वरच्या अंगाच्या गावांच्या सोयरिकी, बाजार, देव सगळे त्याच बाजूला आहेत. शेतं मोकळी झाली की चैत्र-वैशाखात बोहाडा. संबळ आणि पिपाणीच्या नादावर रात्रभर एकामागून एक सोंगं निघायची: आधी गणपती, मग शारदा, मग रावण, नरसिंह, त्राटिका, वेताळ. शेवटी, उजाडायच्या सुमाराला, जगदंबा आणि महिषासुराचं युद्ध. कोणतं सोंग कोणत्या घरानं घ्यायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं. मुखवटे लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे, वर झगझगीत रंग.

उजेड मात्र फक्त टेंभ्यांचा. जुन्या लुगड्याचं, धोतराचं सुती कापड काठीच्या टोकाला घट्ट आवळून बांधायचं आणि बुधलीतून त्याला तेल पाजत राहायचं. सोंगाच्या पुढे टेंभा धरणारा उलटा चालायचा, तोंड सोंगाकडे, पाठ गर्दीकडे. मुखवट्यातून नाचणाऱ्याला फारसं दिसत नाही. वजनदार मुखवटा, बारीक भोकं, त्यात घाम. त्याला दिसायचा तो टेंभा, आणि त्याच्या मागे तो जायचा. म्हणजे एकाच ज्योतीवर दोन कामं: प्रेक्षकांना सोंग दाखवणं आणि सोंगाला वाट दाखवणं.

आणि हा माणूस चेहरा घडवायचा. टेंभा खाली नेला की भुवयांच्या सावल्या कपाळावर चढायच्या आणि रावण उग्र व्हायचा. वर नेला की डोळे खोबणीत जायचे, वेताळ आत ओढल्यासारखा दिसायचा. शारदेच्या वेळी तो दोन पावलं लांब राहायचा, उजेड मऊ व्हायचा. आणि नरसिंह निघाला की राळेची पूड मुठीने ज्योतीवर मारायचा. भडका उठायचा, आणि त्या क्षणभरात सगळ्या पटांगणातले चेहरे लाल दिसून पुन्हा नाहीसे व्हायचे. माझी आजी मला मांडीवर घेऊन सांगायची, "दिव्याकडं बघू नको रं, सोंगाकडं बघ." मी दिव्याकडेच बघायचो. ज्योत हलायची आणि मुखवट्याचे ओठ हलल्यासारखे दिसायचे. मुखवटा बोलतो असं आम्ही पोरं छातीठोकपणे सांगायचो.

गेल्या काही वर्षांत आजोळच्या पटांगणावर खांबांना हॅलोजन आले. सोय झाली यात शंका नाही. बायकांना पोराबाळांना घेऊन बसता येतं, कुणी ठेचकाळत नाही. पण त्या पांढऱ्या, स्थिर उजेडात मुखवटा हा मुखवटाच राहतो. रंगाचे पोपडे दिसतात, मागची दोरी दिसते, खाली चालणाऱ्याचे स्पोर्ट्स शूज दिसतात. टेंभे अजून पेटवतात, कारण रीत आहे, पण हॅलोजनखाली त्यांच्या ज्योतीने सावलीच पडत नाही. टेंभा धरणारा आता उलटा चालत नाही, सोंगाच्या बाजूने चालतो. त्याच्या हातातून काम गेलं आहे, आणि मला सगळ्यात जास्त लागतं ते हेच. मुखवटे टिकले, संबळ टिकली, सोंगांचा क्रम टिकला. त्यांच्यात जीव आणणारी कला कुणाच्या ध्यानात न येता बंद पडली, कारण तिला कला असं कुणी म्हणालंच नव्हतं.

फ्रान्समधल्या लियों शहरात डिसेंबरात दिव्यांचा मोठा महोत्सव भरतो. जगभरचे कलाकार इमारतींवर चित्रं हलवतात. त्याचं मूळ ८ डिसेंबर १८५२ च्या रात्रीत आहे: मेरीमातेच्या पुतळ्याच्या स्थापनेला लोकांनी आपापल्या खिडक्यांत दिवे लावले होते. आजही तिथे त्या रात्री घरोघरी खिडकीत दिवे लागतात, आणि प्रोजेक्टरचा झगमगाट त्यांच्या शेजारी नांदतो. आपल्याकडे मात्र नवा दिवा आला की जुना विझवायचा, असं ठरल्यासारखं झालं आहे.

अंधाराशी आमच्या भागाचं नातं तसं जुनं. टाटांच्या जलविद्युत घरांतली वीज, खोपोलीची १९१५ पासून आणि भिवपुरीची १९२२ पासून, मुंबईच्या गिरण्यांकडे आणि दिव्यांकडे वाहत होती तेव्हा ज्या गावांच्या डोक्यावरून तारा जात होत्या ती गावं चिमण्यांवरच होती. १९४२ मध्ये इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने त्या तारांचे मनोरे पाडले. रात्रीच्या रात्री डोंगरातून चालणारी ही माणसं, अंधार त्यांच्या पायाखालचा होता. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी माणसं सिद्धगडावर जातात. मी बराच काळ तारा तोडण्याला फक्त युद्धाच्या डावपेचाची बाजू आहे असं समजत होतो. आता वाटतं, आपल्या अंगणातून जाणारा आणि आपल्यासाठी न थांबणारा उजेड रोज बघणाऱ्या माणसांनाच ते कुठे घाव घालायचा हे इतकं नेमकं कळलं असेल.

त्याच सिद्धगडाच्या रानात पावसाच्या तोंडावर काजवे येतात. मेअखेरीस मुंबईच्या गाड्या कसारा घाट चढून भंडारदऱ्याच्या काजवा महोत्सवाला जातात. आमच्या लहानपणी काजवे पाहायला कुणी कुठे जात नसे. हिरड्याचं, सादड्याचं एखादं झाड घरामागेच लुकलुकत असायचं, सगळं झाड एकदम पेटल्यासारखं आणि एकदम विझल्यासारखं. ती नराने मादीला घातलेली साद असते, आणि प्रौढ काजव्याच्या हाती त्यासाठी जेमतेम दोन-तीन आठवडे असतात. गाडीचे दिवे, मोबाइलचे टॉर्च त्या सादेत विस्कळीतपणा आणतात. रानात जाऊन चमकणाऱ्या झाडावर टॉर्च मारणाऱ्यांचा मला राग येतो. आमच्या गावामागचं झाड अजून उभं आहे. त्याच्यापासून थोड्याच अंतरावर आता रात्रीच्या क्रिकेटचं मैदान आहे, फ्लडलाइटखाली ओव्हरआर्मचे सामने होतात आणि यूट्यूबवर थेट दिसतात. गावची पोरं नोकरीधंद्याला जिथे असतील तिथून सामना बघतात, कॉमेंटमध्ये भांडतात. हे मला फार आवडतं. फक्त काजव्यांच्या त्या दिवसांत सामने नका ठेवू, एवढं मंडळाला सांगून ठेवलं, आणि त्यांनी मानलं.

माझा भाचा हळदींच्या शार्पी चालवतो. मागच्या वैशाखात त्याला बोहाड्याला नेलं. हॅलोजनच्या उजेडात तो कंटाळला, आणि ते स्वाभाविक होतं. घरी आल्यावर मामेभावाकडचा जुना वेताळाचा मुखवटा अंगणात टांगून मी दिवे मालवले आणि चूड पेटवली. त्याने ती माझ्या हातातून घेतली. खाली नेली, वर नेली, बाजूने फिरवली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, हे आमच्यात पण असतं. खालून मारला की माणूस भीतीदायक दिसतो. पण आमची लाईट हलते तेव्हा माणूस जागेवर असतो. हिथं दोघं चालतात."

येत्या बोहाड्यात शेवटचं युद्ध तरी टेंभ्यावर व्हावं म्हणून आम्ही गावकऱ्यांशी बोलणं लावलं आहे. वाटेवरचे दिवे चालू राहतील, फक्त पटांगणाचे बंद. मुख्य स्विचपाशी भाचा उभा राहणार, कुणाला काही झालं तर लगेच लावायला. जुन्या टेंभेकऱ्यांपैकी एक म्हातारबाबा अजून हिंडतेफिरते आहेत. उलटं कसं चालायचं ते दोन पोरांना शिकवायला ते तयार झाले. अडचण कापडाची आहे. घरोघरी आता पॉलिस्टर, ते जळण्याआधी वितळून ठिबकतं. सुती लुगडी आणि धोतरं जुन्या पेट्यांतून मागून आणायला सुरुवात केली आहे. रेशनवर रॉकेल मिळत नाही, म्हणून करंजाच्या शेंगा वेचून घाण्यावर तेल काढून घ्यायचं ठरलं आहे. राळ कुठे मिळते ते म्हातारबाबांना माहीत आहे म्हणे.